अंध वाचक, बोलकी पुस्तके आणि यंत्राची विश्वासार्हता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

अंधांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच लुई ब्रेल आणि त्याच्या सहा टिंबांच्या लिपीकडे जाते. १८२९ मध्ये या लिपीची पहिली पुस्तिका प्रसिद्ध झाली आणि अंध व्यक्तीला स्वतःच्या बोटांनी वाचता येऊ लागले. ब्रेल पुस्तकाचा एक गुण मात्र फारसा कोणी नोंदवीत नाही. ते पुस्तक बंद पडत नाही. वापराने टिंबे दबतात, कागद फाटतो. तरीही उरलेली पाने वाचता येतातच. बोलक्या पुस्तकाची गोष्ट निराळी आहे. ते वाचण्यासाठी वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये एक यंत्र उभे असते, आणि ते यंत्र थांबले की पुस्तक हातात असूनही वाचक पुस्तकाला मुकतो.

बोलक्या पुस्तकांवर जे लेखन झाले आहे, त्यात ध्वनिमुद्रण, वाचकस्वर, स्वामित्वहक्क आणि 'ऐकणे म्हणजे वाचणे काय' हा वाद यांची चर्चा पुष्कळ आढळते. यंत्र टिकते किती, बिघडते कसे व बिघडल्यावर काय होते, हा विषय तंत्रज्ञांचा समजून बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखात त्याच विषयाचा इतिहासाच्या अंगाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. अभियांत्रिकीमध्ये विश्वासार्हता म्हणजे ठरावीक परिस्थितीत ठरावीक काळ यंत्र न बिघडता चालण्याची संभाव्यता. अंध वाचकाच्या दृष्टीने ही व्याख्या अपुरी आहे. यंत्र बिघडले त्या दिवशी वाचकाचे काय होते, हा त्याचा प्रश्न असतो; आणि या प्रश्नाचे उत्तर यंत्रात जेवढे सापडते, त्याहून अधिक त्या यंत्राभोवती उभारलेल्या व्यवस्थेत सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

एडिसनची कल्पना आणि तिचे दुबळेपण :

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगितले. त्या यादीत पत्रलेखनाच्या खालोखाल, संगीताच्याही आधी, अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख आहे. कल्पना शुद्ध होती, पण साधन कच्चे होते. कथलाच्या पातळ वर्खावर उमटलेला आवाज काही वेळा वाजविला की पुसट होई, आणि एका वर्खावर जेमतेम दोन-तीन मिनिटांचा मजकूर मावे. नंतरच्या मेणाच्या नळकांड्यांनी व लाखेच्या तबकड्यांनी आवाज टिकाऊ झाला, तरी वेळेची मर्यादा राहिलीच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांचे गाणे बसते. कादंबरी बसविण्यासाठी तबकड्यांचा ढीग लागला असता. कल्पना आणि प्रत्यक्ष पुस्तक यांच्यामध्ये अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तो यामुळे.

१९३४ : यंत्र सरकारचे, वाचन वाचकाचे :

अमेरिकेत ३ मार्च १९३१ रोजी प्रॅट-स्मूट कायदा संमत झाला. प्रौढ अंधांच्या पुस्तकांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसला वर्षाला एक लाख डॉलर देण्याची तरतूद त्यात होती. आरंभी ही तरतूद ब्रेलसारख्या उठावाच्या पुस्तकांपुरती होती. १९३३ मध्ये तीत ध्वनिमुद्रित पुस्तकांचा समावेश करण्यात आला. याच सुमारास अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत रॉबर्ट अर्विन यांच्या पुढाकाराने व जॅक्सन क्लेबर या अभियंत्याच्या साहाय्याने प्रयोग चालले होते. अर्विन स्वतः बालपणीच अंध झालेले होते. प्रौढपणी दृष्टी गमावलेल्या बहुसंख्य लोकांची बोटे ब्रेलला सरावत नाहीत, हे त्यांना जवळून ठाऊक होते.

या प्रयोगांतून मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, अरुंद खाचांची बारा इंची तबकडी सिद्ध झाली. तिच्या एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटांचे वाचन मावे. सर्वसामान्य संगीतरसिकांच्या हाती दीर्घकाळ वाजणारी तबकडी १९४८ मध्ये आली. अंध वाचकांना ती चौदा वर्षे आधी, १९३४ मध्ये, मिळाली. अपंगांसाठी केलेली सोय पुढे सर्वांची होते, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की टिकाऊपणाचा विचार या तबकडीत पहिल्यापासून गुंफलेला होता. लाखेची तबकडी टपालात फुटते, आणि हे ग्रंथालय तर सर्वस्वी टपालावर चालणार होते. म्हणून लवचीक, न फुटणारे द्रव्य निवडण्यात आले. यंत्रेही दोन प्रकारची करण्यात आली. एक विजेवर चालणारे. दुसरे चावीचे, कानाला लावायच्या श्रवणयंत्रासह, ज्या घरी वीज नव्हती त्यांच्यासाठी. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ग्रामीण भागातील फार मोठ्या वर्गाकडे वीज नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे चावीच्या यंत्राचे महत्त्व कळते. यंत्र उत्तम असून घरात वीज नसेल, तर त्या घरापुरते ते यंत्र बंदच समजावयाचे.

परंतु यंत्र विकत घेण्याची ऐपत किती जणांची? महामंदीचे दिवस होते. हेलन केलर यांनादेखील १९३३ मध्ये या उपक्रमासाठी निधी मागणे उचित वाटले नव्हते. भाकरीची भ्रांत असलेल्या अंधांना बोलकी पुस्तके ही चैन आहे, अशी त्यांची त्या वेळी भूमिका होती. दोन वर्षांतच त्यांनी ती बदलली आणि त्या या कार्याच्या पाठीराख्या झाल्या. १९३५ मध्ये रूझवेल्ट प्रशासनाच्या रोजगार योजनेतून बोलक्या पुस्तकांची यंत्रे तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. बेकारांच्या हाताला काम आणि अंधांच्या घरी यंत्र, असा त्याचा दुहेरी हेतू होता. १९४२ पर्यंत सुमारे २३ हजार यंत्रे तयार झाली. ही यंत्रे सरकारच्या मालकीची राहिली आणि वाचकांना विनामूल्य वापरावयास दिली गेली.

मालकीचा हा तपशील वरवर प्रशासकीय वाटतो, पण या इतिहासाचा कणा तोच आहे. यंत्र सरकारचे असल्यामुळे ते चालू ठेवण्याची जबाबदारीही सरकारची झाली. वाचकाने बंद यंत्र परत करावे व चालू यंत्र घ्यावे, असा व्यवहार रूढ झाला. शिवाय यात एक सामुदायिक हितही होते. झिजलेली सुई केवळ एका वाचकाचा रसभंग करीत नाही. ती तबकडीच्या खाचा खरवडते आणि तीच तबकडी टपालाने पुढच्या वाचकाकडे जाते. एका घरातले नादुरुस्त यंत्र अशा रीतीने शेकडो घरांतील पुस्तके नासवू शकते. म्हणूनच ग्रंथालयाला वाचकाच्या यंत्राची काळजी घेणे भागच होते.

ब्रिटनमध्येही समांतर घटना घडत होत्या. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सेंट डन्स्टन्स या संस्थेने, सॉमच्या लढाईत अंध झालेल्या इयान फ्रेझर यांच्या नेतृत्वाखाली, नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंडच्या सहकार्याने १९३५ मध्ये बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय सुरू केले. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' आणि जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' यांचा समावेश होता. ब्रिटिश तबकडी मिनिटाला २४ फेरे घेई व एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन देई. दोन्ही देशांत, दोन वेगळ्या मापांनी, एकच गोष्ट सिद्ध झाली : बोलक्या पुस्तकाचे यंत्र बाजारात मिळणारा ग्रामोफोन नव्हता. ते खास यंत्र होते, त्यामुळे त्याची दुरुस्तीही खास व्यवस्थेनेच होणार होती.

टेलिफोन खात्यातील निवृत्तांचे हात :

ही खास व्यवस्था पुढे ज्या मार्गाने उभी राहिली, तो मार्ग मोठा उद्बोधक आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि प्रांतोप्रांतीची ग्रंथालये यांच्याकडे हजारो यंत्रे होती, पण तंत्रज्ञ अपुरे होते. १९६० पासून 'टेलिफोन पायोनियर्स ऑफ अमेरिका' या, टेलिफोन कंपन्यांतील ज्येष्ठ व निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ही दुरुस्ती विनामोबदला करावयास घेतली. जनरल इलेक्ट्रिकमधील आजी-माजी कर्मचाऱ्यांची 'एलफन' ही संघटनाही त्यात सहभागी झाली. ज्यांनी आयुष्यभर तारा जोडल्या व यंत्रे उघडली, त्यांच्या निवृत्तीनंतरच्या फुरसतीवर अमेरिकेतील अंधांचे वाचन पुढची कित्येक दशके चालले. यंत्र मजबूत होते हे खरे. परंतु ते मजबूत आहे असा वाचकाला जो अनुभव येत गेला, त्यात या अनामिक हातांचा वाटा मोठा होता.

इतिहासकाराच्या दृष्टीने येथे एक अडचण उभी राहते. यंत्राचा शोध लावणाऱ्याचे नाव राहते, कायदा मांडणाऱ्याचेही राहते. पट्टा बदलणाऱ्याचे राहत नाही.

ध्वनिफितीचे युग :

तबकडीचा वेग पुढे कमी होत होत १६⅔ व नंतर ८⅓ फेऱ्यांपर्यंत आला आणि पुस्तकाच्या तबकड्यांची संख्या घटली. तथापि हाती धरून नेता येईल असे यंत्र मिळाले ते कॅसेटमुळे. ब्रिटनने १९६० च्या सुमारास ध्वनिफितीचे यंत्र वापरात आणले होते, पण ते बरेच अवजड होते. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये लहान कॅसेट आणली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील अंधांच्या ग्रंथालयांनी ती स्वीकारली. पुढे तीही जशीच्या तशी राहिली नाही. बाजारी कॅसेट सेकंदाला १⅞ इंच वेगाने फिरते. अंधांसाठीची कॅसेट त्याच्या निम्म्या वेगाने फिरविण्यात आली आणि तिच्यावर चार स्वतंत्र माग वापरण्यात आले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशा रीतीने सहा तासांचे वाचन बसले. बाजारी यंत्रावर ती नीट वाजत नसे. त्यामुळे प्रकाशकांची चोरीची भीतीही कमी झाली.

कॅसेट यंत्राचे बिघाड ठरलेले असत. रबरी पट्टा सैल पडे, दाबाचा रूळ गुळगुळीत होई, वाचनशीर्षावर मळ साचे, फीत गुंतून बाहेर येई. परंतु या बिघाडांचा एक गुण होता : ते आधी सूचना देत. पट्टा सैल पडू लागला की वाचकाचा स्वर जड व संथ होई. शीर्षावर मळ साचला की आवाज दबे. ज्याचे सारे वाचन कानावर अवलंबून आहे, त्याला हे फरक इतरांहून लवकर जाणवत. प्रकरण कोठे सुरू होते हे कळावे म्हणून फितीवर विशिष्ट नाद मुद्रित केलेले असत. फीत वेगाने पुढे पळविताना ते ऐकू येत. फीत तुटली तर चिकटपट्टीने जोडता येई. एखाद-दुसरे वाक्य जाई, पुस्तक राही.

आपल्याकडील चित्र या काळात वेगळे होते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड अर्थात 'नॅब' या संस्थेने मुंबईत बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय चालविले. अनेक स्वयंसेवकांनी ध्वनिमुद्रण कक्षात बसून मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तके वाचून दिली. अंधांच्या वाचनसाहित्याला भारतीय टपाल खात्याने शुल्कमाफी दिलेली असल्याने पुस्तकांची ने-आण परवडणारी होती. मात्र अमेरिकेसारखी सरकारी मालकीची खास यंत्रे घरोघरी पोहोचण्याइतकी साधनसामग्री येथे नव्हती. बाजारात मिळणारा साधा टेपरेकॉर्डर हेच बहुतेकांचे वाचनयंत्र होते.

या उणिवेतून एक सोय आपोआप निर्माण झाली. साधा टेपरेकॉर्डर बिघडला तर तो दुरुस्त करणारा रेडिओ मेकॅनिक तालुक्याच्या गावी, कित्येकदा मोठ्या खेड्यातही, भेटत असे. पट्टा, शीर्ष, मोटर हे सुटे भाग त्याच्या फळीवर असत. अंध वाचकाचे यंत्र आणि शेजारच्या घरातील भजनाच्या कॅसेटींचे यंत्र एकच असल्यामुळे दोन्हींची दुरुस्ती एकाच टपरीत होई. अमेरिकेत जे काम सरकारी मालकी व स्वयंसेवक यांनी केले, ते येथे बाजारपेठेच्या बाजूने, कोणी न ठरवता झाले. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत फितींवर बुरशी धरे, आणि ग्रंथालयाच्या मोजक्या प्रतींपैकी एक गेली की त्या पुस्तकासाठी थांबण्याशिवाय गत्यंतर नसे.

डेझी : पुस्तकाची सुधारणा, बिघाडाचे नवे रूप :

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडनमधील अंधांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अंकीय बोलक्या पुस्तकाचा विचार सुरू केला. त्यातूनच 'डेझी' ही पद्धती निर्माण झाली, आणि १९९६ मध्ये निरनिराळ्या देशांतील अंधांच्या ग्रंथालयांनी मिळून डेझी कन्सॉर्शियम स्थापन केले. जपानमधील शिनानो केन्शी कंपनीने 'प्लेक्सटॉक' ही यंत्रे तयार केली. कॅनडातही 'व्हिक्टर' या नावाची यंत्रे निघाली. डेझीने वाचकाला जे दिले ते थोर होते. प्रकरणावरून प्रकरणावर, पृष्ठावरून पृष्ठावर उडी घेणे, खुणा ठेवणे, वेग वाढविणे ही सारी डोळस वाचकाची स्वातंत्र्ये अंध वाचकाला मिळाली. कथा-कादंबरीसाठी कॅसेट पुरेशी होती. संदर्भग्रंथ, कोश व क्रमिक पुस्तक मात्र डेझीमुळेच खऱ्या अर्थाने वाचता येऊ लागले. एका सीडीमध्ये चाळीस तासांहून अधिक वाचन मावू लागले.

पण बिघाडाचे स्वरूप पालटले. तबकडीवर ओरखडा पडला तर 'टक' असा आवाज येई आणि वाचन पुढे सरके. फार तर तेच वाक्य पुनःपुन्हा वाजे. सीडीवर ओरखडा पडला तर संकुचित केलेल्या ध्वनीचा मोठा तुकडा जाई, किंवा यंत्र मुळीच वाचीत नसे. भिंगावर धूळ बसली, चालताना धक्का बसला, मोटर थकली, तरी परिणाम एकच : शांतता. अंध वाचकाच्या लेखी शांतता हा सर्वांत संदिग्ध बिघाड होय. बॅटरी उतरली असेल, आवाज शून्यावर गेला असेल, कानयंत्राची खुंटी अर्धवट बसली असेल, पुस्तक संपले असेल, किंवा यंत्र खरोखर मेले असेल. डोळस माणूस लुकलुकणारा दिवा पाहून क्षणात निदान करतो. अंध वाचकाला एकेक शक्यता हाताने तपासावी लागते, नाही तर कोणाला तरी हाक मारावी लागते. ज्या यंत्राने परावलंबन संपवायचे, तेच बिघडताना परावलंबन परत आणते.

अमेरिकेतील पुढचा टप्पा या अनुभवाच्या प्रकाशात पाहावा लागतो. १९९० च्या दशकात नव्या यंत्राची आखणी सुरू झाली तेव्हा सीडी हे रूढ माध्यम होते व स्वस्तही होते. तरी लायब्ररी ऑफ काँग्रेसने सीडी टाळली आणि हलणारे भाग नसलेल्या फ्लॅश स्मृतीची वाट धरली. निर्णय झाला त्या वेळी ही स्मृती महाग होती. यंत्रे प्रत्यक्ष तयार होईपर्यंत तिची किंमत उतरेल, हा अंदाज होता आणि तो खरा ठरला. २००९ मध्ये नवे यंत्र वाचकांच्या हाती आले. त्याची पुस्तके ज्या डबीत येत, ती तंत्रदृष्ट्या कितीतरी लहान करता आली असती. ती मुद्दाम कॅसेटएवढी ठेवली, बोट अडकविण्यासाठी तिला भोक ठेवले आणि ती एकाच दिशेने बसावी अशी रचना केली. यंत्र बंद असताना कळ दाबली तर ती कळ कशाची आहे हे यंत्र सांगे. प्रस्तुत लेखकास ही शेवटची सोय या साऱ्या इतिहासातील महत्त्वाची पायरी वाटते. यंत्राने स्वतःविषयी बोलावे, ही अपेक्षा येथे रचनेतच उतरली.

खिशातले यंत्र आणि एकटा वाचक :

याच सुमारास दुसरा प्रवाह आला. २००७ मध्ये 'व्हिक्टर रीडर स्ट्रीम' हे खिशात मावणारे यंत्र बाजारात आले व त्यानंतर 'प्लेक्सटॉक पॉकेट'सारखी यंत्रे आली. आता वाचक बसमध्ये, शेतात, वसतिगृहात वाचू शकत होता. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागाने जे भारनियमन सोसले, ते आठवले म्हणजे अनेक तास बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची किंमत वेगळी सांगावयास नको. १९३४ च्या चावीच्या यंत्राचा हा दूरचा वंशज म्हणता येईल.

मात्र या यंत्राची मालकी पालटली होती. ते ग्रंथालयाचे राहिले नाही. वाचकाने विकत घेतले किंवा योजनेतून एकदा मिळाले. यंत्राबरोबर बिघाडाची मालकीही वाचकाकडे आली. बिघाडही नव्या जातीचे आले. लिथियम बॅटरी काही वर्षांत क्षीण होते, कधी फुगते. नखाएवढे स्मृतिपत्र खाली पडले तर स्पर्शाने शोधणे कठीण. आतील आज्ञावली अद्ययावत करताना मध्येच वीज गेली तर यंत्र कायमचे बसू शकते. आणि स्वामित्वहक्काच्या संरक्षणासाठी काही ग्रंथालयांची पुस्तके कुलूपबंद केलेली असतात. ती उघडणारी किल्ली विशिष्ट यंत्राला दिलेली असते. यंत्र बदलले की किल्ली नव्याने मिळवावी लागते. यंत्र शाबूत, पुस्तक शाबूत आणि तरीही वाचन बंद, अशी स्थिती तबकडीच्या काळात कोणाच्या कल्पनेतही आली नसती.

भारतात अपंगांना साधने पुरविण्याची 'अ‍ॅडिप' ही केंद्रीय योजना १९८१ पासून आहे. तीतून पुढे डेझी प्लेअर, स्मार्टफोन यांसारखी साधनेही दिली जाऊ लागली. वाटप-शिबिरांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो. आमच्या महाविद्यालयातील इतिहास विषयाच्या एका अंध विद्यार्थ्याला अशाच एका वाटपात प्लेअर मिळाला होता. दोन वर्षे तो त्याचा सोबती होता. तृतीय वर्षाच्या परीक्षेपूर्वी तीन आठवडे तो अचानक मुका झाला. गावातील दुरुस्तीवाल्याने तो उघडूनही पाहिला नाही. असले यंत्र आपण कधी पाहिले नाही, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. विक्रेत्याकडे कुरियरने पाठविलेला प्लेअर परत आला तेव्हा निकाल लागून गेला होता. आम्हा शिक्षकांपैकी कोणाच्याही मनात तोवर हा प्रश्न आला नव्हता, की हे यंत्र दुरुस्त कोण करते? साधन मिळाले याच्या समाधानात आम्हीही होतो. त्या विद्यार्थ्याने अभ्यास पुरा केला तो मित्राच्या मोबाइलवर.

मोबाइलवर, हा योगायोग नव्हता. २००९ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींत पडदा वाचून दाखविणाऱ्या सोयी आल्या आणि पुढील दशकात सामान्य मोबाइल हाच अनेक अंधांचा वाचक बनला. २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने अंधांसाठी सुलभ प्रती तयार करण्याची वाट मोकळी केली. २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला, तो २०१४ मध्ये. आणि २४ ऑगस्ट २०१६ रोजी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. पुस्तकांचा प्रश्न पूर्वीइतका बिकट उरला नाही.

खास यंत्राच्या कैवाऱ्यांचा मोबाइलवरील आक्षेप योग्यच आहे. सपाट काचेवर कळा बोटांना लागत नाहीत, वाचनाच्या मध्ये फोन वाजतो, वृद्ध वाचकाला तो शिकणे जड जाते. पडून काच फुटली की पडद्याला स्पर्श कळेनासा होतो. एवढे असूनही त्याला एक बळ आहे, जे कोणत्याही महाग डेझी प्लेअरला आपल्या देशात मिळाले नाही : तालुक्याच्या बाजारात तो उघडणारा माणूस आहे. बॅटरी, काच, चार्जिंगची खाच यांचे सुटे भाग त्याच्या खणात आहेत. टेपरेकॉर्डरच्या काळातील टपरी जणू पुन्हा उघडली आहे. कोणते यंत्र अधिक विश्वासार्ह, याचे उत्तर प्रयोगशाळेत एक येईल आणि पंढरपुरात किंवा गडहिंग्लजमध्ये दुसरे येईल. आणि धोरण आखताना दुसरे उत्तर जास्त जमेस धरले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक आशय सुलभ स्वरूपात असावा आणि नित्य वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, असे म्हटले आहे. साधन एकदा दिल्यानंतर ते चालू राहील हे कोणी पाहावे, हा मुद्दा त्याच्या जोडीने विचारात घ्यावा लागेल. वाटप झालेल्या दर शंभर यंत्रांमागे चार-पाच यंत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी बदलीसाठी राखून ठेवणे आजही अशक्य नाही. तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतील विद्यार्थी टेलिफोन पायोनियर्सचे काम करू शकतील. त्यासाठी यंत्र बनविणाऱ्याने सुटे भाग व दुरुस्तीची माहिती द्यावी, एवढी अट खरेदीच्या निविदेत घालता येते.

या विषयावर पुढे संशोधन करू इच्छिणाऱ्यांपुढील अडचण साधनांची आहे. महाराष्ट्रातील अंधशाळा, 'नॅब'च्या जिल्हा शाखा आणि महाविद्यालयीन ग्रंथालये यांच्याकडे कॅसेटींच्या देवघेवीच्या वह्या, दुरुस्तीच्या पावत्या, वाचकांनी ब्रेलमध्ये पाठविलेली तक्रारपत्रे असू शकतात. कॅसेटी मोडीत निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर अशी दप्तरेही रद्दीत जाण्याची भीती असते. एखाद्या कपाटात ती उरली असतील, तर ग्रंथपालांनी ती निर्लेखित करण्यापूर्वी इतिहास विभागाला दाखवावीत.